वाढविणारे हात : प्रतिपालकत्व म्हणजे काय?

‘माय मरो, पण मावशी जगो’ अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. ती ऐकायला कठोर वाटते. परंतु तिच्यात आईचा अनादर नाही. आई गेली तरी तिच्याच मायेने मुलाला वाढविणारे कोणीतरी मागे उरावे, एवढाच तिचा अर्थ. संस्थेच्या या स्मरणिकेत याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही काही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. बँकेत कारकुनी करणारी साधी माणसे. परंतु नरसोबाच्या वाडीत राहत असता, दुसऱ्याचे एक मूल चौदा महिने आपल्या घरात वाढविण्याचा योग आम्हा पती-पत्नीला आला. त्यात जे शिकलो, जे चुकलो आणि कायद्याची जी माहिती गोळा करावी लागली, ती सभासद बंधू-भगिनींच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हाच या लेखनामागील हेतू आहे.

आपल्या गुरूंना कोणी वाढविले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन गुरू मानले : भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तिघांपैकी एकालाही जन्मदात्या आईने वाढविले नाही.

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले. त्याला दूध पाजून वाढविले ते मावशी महाप्रजापती गौतमीने. पुढे स्त्रियांच्या भिक्खुणी संघाचा आरंभ याच माउलीपासून झाला. कबीरांना नीरू आणि नीमा या विणकर जोडप्याने वाढविले, असे परंपरा सांगते. जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या. तेव्हा सगुणाबाई क्षीरसागर या विधवा मावसबहिणीने त्यांचे संगोपन केले.

स्वतः बाबासाहेब सुमारे पाच वर्षांचे असताना, १८९६ साली, भीमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर घरातील मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. माता रमाईंचे आई-वडीलही त्या लहान असतानाच गेले आणि नातलगांनी त्या भावंडांना मुंबईस नेऊन वाढविले. बुद्धकाळातील थोर वैद्य जीवक याची कथा तर विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले ते अर्भक अभय राजकुमाराने उचलून घरी नेले व वाढविले. तेच मूल पुढे तक्षशिलेस शिकून भगवान बुद्धांचे वैद्य झाले.

वाचकहो, यांपैकी कोणाच्याही नावापुढे आपण ‘अनाथ’ हा शब्द लावीत नाही. लावावासा वाटतही नाही. याचे कारण एवढेच की, योग्य वेळी कोणीतरी हात पुढे केला. आज सगळ्यांच्या नशिबी मावशी-आत्या नसते. असली तरी ती दोन खोल्यांच्या घरात, स्वतःच्या चार मुलांत अडकलेली असते. अशा वेळी नात्याबाहेरच्या कुटुंबाने काही काळ मावशीची जागा घ्यावी, यासाठी कायद्याने जी व्यवस्था केली आहे, तिला प्रतिपालकत्व म्हणतात. इंग्रजी शिकलेली मंडळी तिलाच फॉस्टर केअर म्हणतात.

आमच्या घरी आलेला पाहुणा

जुलै २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक कुटुंबांप्रमाणे आम्हीही घर सोडून निवाऱ्याला गेलो होतो. तेथे आमच्या शेजारी एक विधवा बाई आपल्या मुलासह उतरली होती. ती शेतमजुरी करी. मुलाचे नाव येथे देत नाही. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ते दिले नसते. त्या आठवड्याभरात ओळख झाली, पुढे जाणे-येणे राहिले.

२०२२ च्या मे महिन्यात त्या बाईंना क्षयरोग असल्याचे निदान झाले, आणि तोही साध्या औषधांना दाद न देणारा. उपचार लांबणार होते. सुरुवातीचे काही महिने तरी मुलाला जवळ ठेवणे धोक्याचे होते. माहेर सीमेपलीकडे, तेथे म्हातारी आई, आणि भाऊ वीटभट्टीवर, वर्षातले सहा महिने फिरतीवर. त्याच्याकडे मूल पाठविले तर शाळा सुटणार हे उघड होते. बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “दादा, मी बरी होऊन येईपर्यंत पोराला तेवढं बघा की.”

आमच्या सहचारिणीने तेथल्या तेथे होकार दिला. मुलाची क्षयाची तपासणी करून घेतली, ती निर्दोष निघाली. जून महिन्यात तो नऊ वर्षांचा मुलगा एक दप्तर आणि एक कापडी पिशवी घेऊन आमच्या घरी आला. आम्हांस वाटले, झाले! चांगुलपणाच्या कामाला कागद कशाला?

येथेच आमची पहिली चूक झाली. तीन आठवड्यांनी शाळेत एका अर्जावर पालकाची सही हवी होती. मुख्याध्यापकांनी अगदी सौजन्याने विचारले, “तुम्ही याचे कोण?” आम्हांस उत्तर देता आले नाही. रोज बँकेत दुसऱ्यांना ‘कागदपत्रे आणा’ म्हणून सांगणारे आम्ही, त्या दिवशी स्वतःच कागदाविना उभे होतो. पुढच्याच आठवड्यात मुलाला ताप भरला. दवाखान्यातही तोच प्रश्न आला. उद्या या मुलाचे काही बरेवाईट झाले, किंवा कोणी नातलग येऊन ‘आमचे पोर पळविले’ म्हणाला, तर आम्ही काय दाखविणार होतो? आणि याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आमच्याऐवजी एखाद्या वाईट माणसाने असेच मूल घरात ठेवून घेतले असते, तर त्या मुलाची विचारपूस कोणी केली असती?

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. ज्या मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे, त्याला त्याच्या जन्मदात्या किंवा दत्तक आई-वडिलांखेरीज अन्य योग्य कुटुंबात, थोड्या किंवा दीर्घ मुदतीसाठी ठेवता येते. मात्र हा निर्णय घेण्याचा अधिकार बाल कल्याण समितीचा आहे. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावीच लागते. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिचा आदेश हाच प्रतिपालकत्वाचा खरा कागद. नोटरीसमोर केलेला आपसातला करारनामा म्हणजे असा आदेश नव्हे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

लोकांच्या मनात दत्तक, प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व या तीन गोष्टींचा गोंधळ असतो. तो दूर करणे आवश्यक आहे.

१) दत्तक : दत्तक घेतलेले मूल कायमचे त्या घरचे होते. नाव, वारसा, सर्व हक्क त्याला मिळतात आणि जन्माच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते. विधिवत झालेले दत्तकविधान मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी काशीबाई या विधवेच्या यशवंताला दत्तक घेतले, ते या प्रकारचे. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने आईसोबत रुग्णांची सेवा केली.

२) प्रतिपालकत्व : मूल आपल्या घरात राहते, पण ते आपले होत नाही. त्याचे नाव, आडनाव, जात, धर्म आणि त्याच्या आई-वडिलांशी असलेले नाते कायम राहते. आपल्या मालमत्तेत त्याला वारसाहक्क येत नाही व त्याच्या मालमत्तेवर आपला हक्क लागत नाही. एक वर्षापर्यंतची व्यवस्था ती अल्प मुदतीची, त्यापुढची दीर्घ मुदतीची. गरज असल्यास ती वेळोवेळी वाढविता येते, पण मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच.

३) प्रायोजकत्व : यात मूल स्वतःच्या आईजवळ किंवा नातलगाकडेच राहते आणि त्याच्या शिक्षण-पोषणासाठी आर्थिक साहाय्य मिळते. ही तरतूद कलम ४५ मध्ये आहे.

या तिन्हींत तिसऱ्याचा विचार सर्वांत आधी करावा. केवळ गरिबी हे मूल आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. आईला दोन पैशांची मदत मिळाली तर मूल घरीच राहणार असेल, तर त्याला दुसऱ्याच्या घरी नेणे हा उपकार नसून अन्याय आहे. आधी आईचे घर, मग नात्यातले घर, मग प्रतिपालकांचे घर, आणि काहीच शक्य नसेल तेव्हा बालगृह, हा क्रम लक्षात ठेवावा.

प्रतिपालक कोणाला होता येते?

२०१६ साली केंद्र शासनाने याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२४ मध्ये त्या सुधारण्यात आल्या. पूर्वी ही जबाबदारी विवाहित जोडप्यांनाच मिळत असे. आता ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, मग ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी सांभाळू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच दिला जातो. जोडप्याच्या बाबतीत दोघांचे मिळून वय किमान ७० वर्षे असावे आणि विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. सहा वर्षांवरील मुलांसाठी ही व्यवस्था प्रामुख्याने आहे. त्याहून लहान आणि दत्तक देण्यास मोकळ्या असलेल्या बालकांसाठी दत्तकाचाच मार्ग योग्य मानला जातो. एखादे मूल प्रतिपालकांकडे सलग दोन वर्षे राहिले व ते कायद्याने दत्तकास मोकळे ठरले, तर त्या कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

आमच्या वेळी काम कसे झाले, ते थोडक्यात सांगतो. आम्ही मुलाला व त्याच्या आईचे संमतिपत्र घेऊन कोल्हापूरला गेलो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे या कामाचे पहिले दार होय. ओळखपत्रे, उत्पन्नाचा पुरावा, आरोग्य तपासणी, पोलीस पडताळणी असे कागद लागले. मग घरी भेट देऊन चौकशी झाली. मूल कोठे झोपणार, स्वच्छतागृह घरात आहे का, घरातील इतरांचे मत काय, असे सारे विचारले गेले. आमच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीलाही वेगळे बसवून विचारले. मुख्य म्हणजे त्या नऊ वर्षांच्या मुलालाही एकट्याला विचारण्यात आले की, तुला या घरी राहायचे आहे का? त्यानंतर एक वर्षाचा आदेश निघाला. पुढे त्यास मुदतवाढ मिळाली.

आदेशानंतरही पाहणी संपत नाही. कायद्याने अशा कुटुंबाची दरमहा पाहणी सांगितली आहे. प्रथम आम्हांस याचा राग आला. आम्ही मूल सांभाळतो आणि आमच्याच घरी तपासणी? मग विचार केला की, आमच्या शाखेतही तपासनीस येतात. ते आले म्हणजे रोखपालाला कोणी चोर ठरवीत नाही. ठेव लोकांची असते म्हणून हिशेब तपासावा लागतो. हे मूलही आमच्याकडे ठेवच होती.

पैशाचा प्रश्न

“पोराला सांभाळायचे सरकारकडून पैसे घेणार?” असा प्रश्न आम्हांस घरातल्याच वडीलधाऱ्यांनी केला. त्यावर आमचे उत्तर असे : हे पैसे आमचे नाहीत, मुलाचे आहेत.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना पुष्कळ वर्षांपासून आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. एक किंवा दोन्ही पालक नसलेली मुले, तसेच क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, एच.आय.व्ही. अशा दुर्धर आजारांनी ग्रस्त किंवा तुरुंगात असलेल्या पालकांची मुले तिच्यात बसू शकतात. या योजनेत पूर्वी दरमहा ४२५ रुपये मिळत. कोरोना काळात, २०२१ मध्ये ते १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, २०२२ च्या सूचनांनुसार, प्रायोजकत्व व प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. तिच्यातील प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये आहे. कोणत्या मुलाला काय लागू पडते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. मात्र रक्कम दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येईलच, असे धरून घरखर्च आखू नये.

व्यवसायाने कारकून असल्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून एक वही घातली. आलेली रक्कम डाव्या पानावर, खर्च उजव्या पानावर. चप्पल, वह्या, दूध, एसटीचे भाडे, सारे तारखेनिशी. पुढे मुलगा दहा वर्षांचा झाला. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे; रकमेची मर्यादा प्रत्येक बँक ठरविते. त्याने सही गिरविण्यात दोन दिवस घालविले. सहीत वडिलांचे नाव पुरे लिहायचे, असा त्याचा हट्ट होता. ते नाव त्या छोट्या चौकटीत मावेना. तेव्हा आम्हांस उमगले की, या मुलाजवळ वडिलांचे म्हणून तेवढेच उरले आहे.

कागदपत्रांविषयी एक सूचना. अशा मुलाचा जन्मदाखला, आधार, शिधापत्रिकेची प्रत, पालकाचा मृत्यूदाखला, शाळेचे दाखले, जातीच्या दाखल्याला लागणारी वडिलांकडची कागदपत्रे आणि समितीचा आदेश, हे सर्व एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. आपल्या भागात पूर येतो, हे विसरू नये. शाळेबाबत अडचण आल्यास लक्षात ठेवावे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

घरात काय घडते?

कायदा सोपा, घर अवघड. पहिले दोन महिने त्या मुलाने कापडी पिशवी उघडून कपडे कपाटात ठेवले नाहीत. दप्तरात भाकरीचे तुकडे सापडत. आमच्या सहचारिणी रागावल्या नाहीत. त्यांनी डब्यात रोज एक भाकरी जास्त ठेवायला सुरुवात केली. काही आठवड्यांनी तुकडे सापडणे बंद झाले. उपाशी राहण्याची भीती बोलण्याने जात नाही, रोजच्या डब्यानेच ती जाते.

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढू लागले. वाडीत त्या दिवसांत दत्तमंदिराच्या दक्षिणद्वारातून पाणी वाहिले की स्नानाला गर्दी लोटते. हा मुलगा मात्र पिशवी उशाला घेऊन झोपे. एका रात्री त्याने विचारले, “काका, पाणी वर आलं आणि आपण दुसरीकडं गेलो, तर आई मला न्यायला कुठं येईल?” आम्ही त्याला आईचा दूरध्वनी क्रमांक पाठ करायला लावला, आणि आमचे निवाऱ्याचे ठिकाण त्याच्यादेखत आईला फोनवरून सांगितले. तेव्हा कोठे तो झोपला. यातून आम्ही एक धडा घेतला. मुलाला आईचा विसर पडावा म्हणून धडपडू नये. उलट तिची आठवण त्याच्या हाताशी राहील असे पाहावे. आठवड्यातून दोनदा फोन, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उघड्या अंगणात भेट, असा क्रम आम्ही ठेवला. भेटीनंतर दोन दिवस तो चिडचिड करी. ‘भेटी बंद करा, पोर रुळेल’ असा सल्ला पुष्कळांनी दिला. तो आम्ही मानला नाही, याचे आज समाधान वाटते.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या समाजात ‘सांभाळायला आणलेली’ मुलगी पुष्कळ घरांत दिसते. तिच्या हातात पुस्तक क्वचित, भांडी नेहमी. घरच्या मुलांचे उष्टे काढणे, लहानग्यांना खेळविणे, पाहुण्यांसाठी चहा करणे, हेच तिचे ‘संगोपन’. हे प्रतिपालकत्व नव्हे, ही बालमजुरी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. घरातल्या मुलांना जे काम तेच याला, घरातल्या मुलांच्या ताटात जे तेच याच्या ताटात, ही साधी कसोटी प्रत्येकाने लावून पाहावी.

संस्थेने व सभासदांनी काय करावे?

प्रत्येकाला मूल घरी आणता येणार नाही, आणि केवळ भावनेच्या भरात ते आणूही नये. परंतु ज्या घरी असे मूल आहे, त्या घरामागे उभे राहणे सर्वांना शक्य आहे. आजारी भिक्खूची सेवा कोणी करीत नाही हे पाहून तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपणांस ठाऊक आहे. तुमची काळजी घ्यायला येथे आई-बाप नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची काळजी घ्यायला हवी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आपल्याच जिल्ह्यात कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत वाढविली. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही ठेवले नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. एवढा वारसा असताना आपण पुढील गोष्टी सहज करू शकतो :

१) आपल्या वस्तीत मूल एकटे पडले, टाकलेले आढळले किंवा पौर्णिमेच्या गर्दीत घाटावर चुकलेले दिसले, तर १०९८ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. असे मूल आढळल्यावर चोवीस तासांत कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. ते परस्पर घरी ठेवून घेऊ नये किंवा मूल नसलेल्या नातलगाला देऊ नये.

२) विधवा माता व आजारी पालक यांचे बालसंगोपनाचे अर्ज भरून देण्यासाठी विहारात महिन्यातून एक रविवार ठेवावा. अर्ज भरता येत नाही म्हणून मदतीला मुकलेली कुटुंबे आम्ही बँकेच्या खिडकीतून रोज पाहतो.

३) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अशा एका मुलाचा अभ्यास आठवड्यातून दोन तास घ्यावा. आठवडे चुकवू नयेत. या मुलांना ‘येतो’ म्हणून न येणारी माणसे आधीच पुष्कळ भेटलेली असतात.

४) प्रतिपालक कुटुंबाला अधूनमधून एखाद्या दिवसाची उसंत द्यावी, दवाखान्यात किंवा कार्यालयात सोबत जावे.

५) मुलाची जयंतीच्या व्यासपीठावर ओळख करून देऊ नये, वह्या वाटताना त्याचे छायाचित्र काढू नये. मदत घेताना मान खाली घालावी लागली, तर ती मदत मुलाच्या अंगी लागत नाही.

६) अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्थेतून किंवा प्रतिपालकांकडून बाहेर पडणाऱ्या तरुणांना विसरू नये. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून तेवीसपर्यंत, अनुरक्षणाची तरतूद आहे. भाड्याची खोली, पहिली नोकरी, जामीनदार, येथे त्यांना ओळखीचा माणूस लागतो.

निरोप

ऑगस्ट २०२३ मध्ये मुलाच्या आईचा आजार बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. समितीने चौकशी करून मूल आईकडे परत देण्याचा आदेश काढला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. आमच्या सहचारिणीने त्याचे कपडे घड्या करून पिशवीत भरले. या खेपेस मात्र तो आपल्या हाताने कपाटातून एकेक काढून देत होता. हिशेबाची वही व पासबुक आम्ही त्याच्या आईच्या हाती दिले. त्या वही उघडून पाहीनात. आम्ही म्हटले, “ताई, बघून घ्या. ठेव परत करताना हिशेब द्यावाच लागतो.” त्या वेळी मुलगा मध्येच म्हणाला, “आई, तो शेवटचा खर्च माझ्या सायकलच्या पंक्चरचा आहे.” सगळेच हसले, आणि त्यामुळे रडण्याची वेळ टळली.

प्रतिपालकत्वाचे खरे अवघडपण येथेच आहे. मूल आपल्यापाशी ठेवण्यासाठी नव्हे, तर एक दिवस त्याच्या माणसांकडे धड सोपविण्यासाठी वाढवायचे. ज्याला हे पेलणार नाही त्याने दत्तकाचा मार्ग धरावा. तोही तितकाच चांगला आहे. पण प्रतिपालक होऊन मनात मात्र मूल आपलेच करून घेण्याची आस ठेवणे, हे त्या मुलावर व त्याच्या आईवर अन्याय करणारे आहे.

‘तुम्ही याचे कोण?’ या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला आज आमच्यापाशी उत्तर आहे. याची आई बरी होईपर्यंत याला सांभाळणारे आम्ही. एवढे उत्तर पुरेसे असते. मुलगा आता आईजवळ राहतो, शाळेत जातो. पावसाळ्यात पाणी चढले की त्याचा फोन येतो, “काका, तुमच्याकडं पाणी कुठवर आलंय?” आता काळजी तो आमची करतो.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी दोन कुटुंबांनी जरी हा विचार गांभीर्याने केला आणि वीस जणांनी त्यांच्यामागे उभे राहण्याचे ठरविले, तरी या स्मरणिकेची पाने कामी आली असे आम्ही समजू.

जय भीम! जय भारत!